देवमातेचे चित्र आणि शेजाऱ्याचे घर



पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात 'विजयाची माता' हे भव्य वेदीचित्र आहे. इटलीच्या आंद्रेआ मान्तेन्या यांनी ते १४९६ साली रंगवले. पानाफळांच्या मांडवाखाली पवित्र मरिया बाळ येशूला घेऊन बसली आहे. मांतुआ शहराचा अधिपती फ्रान्चेस्को गोन्झागा चिलखतासह गुडघे टेकून वर पाहतो आहे आणि माउलीने आपला हात त्याच्यावर धरला आहे. १४९५ च्या फोर्नोव्हो येथील लढाईबद्दल त्याने मानलेले हे आभार होते.

चित्राचे पैसे मात्र त्याने दिले नाहीत. दानिएले दा नोर्सा या ज्यू सावकाराने मांतुआत एक घर विकत घेतले होते. घराच्या दर्शनी भिंतीवर देवमातेचे चित्र होते. धर्माधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन त्याने ते काढले. तरीही लोक खवळले, घरावर चालून गेले. अखेर नव्या चित्राचे ११० डुकाट नोर्साच्याच माथी बसले. त्याचे घर पाडून तेथे मंदिर बांधले गेले. लढाईला वर्ष झाले त्या दिवशी, ६ जुलै १४९६ रोजी, चित्र मिरवणुकीने तेथे नेण्यात आले. मांतुआतल्याच दुसऱ्या एका चित्रात मरियेच्या सिंहासनाखाली नोर्सा कुटुंबीय दिसतात. पुरुषांच्या अंगावर ज्यू असल्याची पिवळी खूण आहे.

याला भक्ती म्हणावे काय? गोन्झागाची श्रद्धा खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. पण संत थॉमस अक्वायनस शिकवतात, की केवळ हेतू चांगला असून भागत नाही. कृत्य आणि परिस्थितीही चांगली हवी. शिवाय अर्पण म्हणजे स्वतःचे काही देणे. दुसऱ्याकडून हिसकावून वेदीवर ठेवले, तर ते देवाला दिलेले दान होत नाही. शेजाऱ्याचे देणे तेवढे आपल्या डोक्यावर राहते.

आणि जिच्या मानासाठी ज्यू माणसाचे घर पाडले, ती नाझरेथची मरिया स्वतः ज्यू कन्या होती! ज्यूंच्या द्वेषाचा आणि छळाचा स्पष्ट निषेध द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली केला. नोर्साच्या घराला तोवर साडेचार शतके उलटून गेली होती.

मरियेच्या आसनाखाली मान्तेन्यांनी आदाम-एवेचे पाप कोरल्यासारखे रंगवले आहे. गोन्झागाचे पाप मात्र चित्रात कुठेच नाही. आपलेही असेच होते. आपण ग्रोटो बांधतो, नोव्हेनाला रोषणाई करतो. पण मजुराची थकलेली मजुरी, भावाच्या बांधावरून सरकवलेला दगड त्या उजेडात दिसत नाही. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करण्यास प्रभू येशूने सांगितले आहे.

येत्या शनिवारी माउलीपुढे मेणबत्ती लावण्यापूर्वी आपण स्वतःला एवढेच विचारू या: या मेणबत्तीचे पैसे नक्की कोणाचे?