मोल आणि मूल्य

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आमच्या तापीकाठच्या मुलुखात अजूनही ऐकू येते; पण ती ऐकवणारा माणूस स्वतःच्या मुलासाठी मात्र नोकरीच शोधत असतो. म्हण उलटी झाली, माणसे पैशाच्या मागे लागली, असे म्हणून आपण हळहळतो आणि विषय संपवतो. मला तो एवढ्यावर संपतो असे वाटत नाही. ही म्हण नीट ऐकली तर ती पैशाविषयी बोलतच नाही. शेतकरी कोणाचा ताबेदार नाही, व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाची मर्जी राखावी लागते आणि नोकराला धन्याची. म्हणीतला हा क्रम स्वातंत्र्याचा आहे.

आज तो क्रम उलटला आहे तो निश्चितीच्या हिशोबाने. आमच्या बऱ्हाणपूर जिल्ह्याचे मुख्य पीक केळी. पोटच्या पोरासारखी जपलेली बाग उन्हाळी वादळात एका दुपारी आडवी होते. वादळातून वाचली तर भाव पडतो. रोग आला तर कोवळी रोपे उपटून बांधावर फेकावी लागतात. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्या बापाने ‘पोरा, महिन्याच्या एक तारखेला पगार येईल असे काहीतरी बघ,’ असे म्हटले तर त्याला लोभी म्हणता येणार नाही. निश्चिती हेही एक मूल्यच आहे. दुखणे वेगळे आहे. आपण कशाला किती मान देतो, हे न तपासताच घराघरांतून मुलांचे आयुष्य ठरते आहे.

जसोंडीसारख्या खेड्यात शाळेत काम करताना हे दरवर्षी दिसते. दहावीचा निकाल लागला की पालक आणि मुले विचारायला येतात. गणित घ्यावे की जीवशास्त्र, वाणिज्य की कृषी? त्यांचा प्रश्न एकाच शब्दात मावतो : ‘सर, स्कोप कशात आहे?’ प्रश्न गैर नाही, पण तो बाजाराला विचारलेला प्रश्न आहे. ज्याला पुढची चाळीस वर्षे ते काम करायचे आहे त्याला कोणी काही विचारत नाही. आणि बाजाराचे उत्तर दर पाच वर्षांनी बदलते.

मग त्या मुलाला तरी काय विचारावे? ‘तुझी जीवनमूल्ये कोणती?’ असा प्रश्न वर्गात टाकला तर चाळीस कागदांवर तीच उत्तरे येतात : सत्य, सेवा, देशप्रेम, आईवडिलांचा मान. मुले खोटे लिहीत नाहीत, परंतु हे लिहायला काहीच खर्च येत नाही. आपल्या भाषेने मात्र या बाबतीत मोठा शहाणपणा दाखवला आहे. ‘मूल्य’ या शब्दाचा पहिला अर्थच मुळी किंमत असा आहे. ज्याच्यासाठी आपण दुसरे काहीतरी द्यायला तयार होतो, ते आपले मूल्य. जोवर काही द्यावे लागत नाही, तोवर ती नुसती आवड असते.

या दृष्टीने मला गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण नेहमी आठवते. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी 1856 साली जन्मलेला हा मुलगा पराकाष्ठेच्या गरिबीत शिकला. त्या काळी एम. ए. होणे म्हणजे सरकारात मोठ्या पगाराची जागा जवळजवळ हातात आल्यासारखे होते. अशा वेळी त्यांनी आईला कळवले की, मुलगा मोठ्या पगाराचा धनी होईल ही आशा तिने धरू नये. पोटापुरते घेऊन बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवायचा आपला निश्चय झाला आहे. हे पत्र आपण त्यागाचा नमुना म्हणून वाचतो. मला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. हा निश्चय त्यांनी आईपासून लपवला नाही. आपल्या मूल्याची किंमत केवळ आपण भरणार नाही, ती घरातल्या माणसांनाही भरावी लागणार आहे, हे ते जाणून होते; म्हणून ज्यांच्या खिशातून ती जाणार त्यांना त्यांनी आधी सांगितले. मूल्यांवर चालणाऱ्या कित्येक माणसांच्या घरी हे सांगणे राहून जाते.

पण एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. एकाच मूल्याची माणसे एकाच मार्गाने जातात काय? चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर त्यांना येऊन मिळाले. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. टिळक आणि आगरकर दोघेही स्वार्थत्यागी, दोघेही 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र राहिलेले. यांना मूल्यांची यादी करायला सांगितली असती तर पुष्कळ नावे सारखी निघाली असती. तरीही 1890 साली टिळकांनी संस्था सोडली. आजीव सदस्याने बाहेरची कामे करावीत की नाही, पोटापुरते म्हणजे नेमके किती, असे वाद त्यामागे होते. आणि सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, हा दोघांमधला भेद त्याआधीच उघड झाला होता. यादी सारखी असली तरी क्रम निराळा होता. माणूस ओळखायचा तो यादीवरून नव्हे, क्रमावरून. दोन चांगल्या गोष्टींपैकी एकच घेता येईल अशी वेळ आली की तो क्रम बाहेर येतो.

या कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. टिळक गेल्यामुळे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला माणूस हवा होता. त्या जागी 1891 साली धोंडो केशव कर्वे आले. ज्या खुर्चीवरून एक मोठा माणूस आपल्या मूल्यासाठी उठला, त्याच कामावर दुसरा मोठा माणूस आपल्या मूल्यासाठी येऊन बसला. कर्व्यांनी 1893 साली विधवेशी विवाह केला, 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला, आणि 1914 सालापर्यंत गणितही शिकवले. आश्रम पुढे हिंगण्यास गेला तेव्हा तेथून कॉलेजात आणि कॉलेजातून तेथे ते पायी जात-येत. नोकरी हे त्यांचे ध्येय नव्हते. पण ध्येयासाठी त्यांनी नोकरीला लाथही मारली नाही. तिच्या आधाराने ध्येय चालवले. म्हणजे नोकरी सोडणे हे निष्ठेचे लक्षण नव्हे आणि ती धरून राहणे हे भ्याडपणाचेही नव्हे.

आमच्या जवळचे उदाहरण साने गुरुजींचे. कोकणातल्या पालगडचा हा तरुण खानदेशात अमळनेरला आला तो तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करायला. तेथे त्यांचे मन रमले नाही. 1924 साली ते तेथल्याच हायस्कुलात शिक्षक झाले, वसतिगृहातल्या मुलांची आई झाले. 1930 साली सत्याग्रहासाठी त्यांनी शाळा सोडली. पुढे तुरुंग, लेखन, शेतकरी-कामगारांत काम, 1947 साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण, 1948 साली ‘साधना’ साप्ताहिक. बायोडाटा म्हणून पाहिले तर आजचा एखादा अधिकारी म्हणेल, हा गृहस्थ एका जागी टिकत नाही. पण आतून पाहिले तर ते एकाच जागी होते. जो दूर ठेवला गेला आहे त्याला जवळ घ्यायचे, मग तो वसतिगृहातला आजारी मुलगा असो की मंदिराबाहेर उभा असलेला भाविक. व्यवसाय बदलत गेला, मूल्य बदलले नाही.

आता वाचक रास्त आक्षेप घेतील : ही थोरांची चरित्रे झाली. ज्याच्या घरी कर्ज आहे, बहिणीचे लग्न आहे, त्याने मूल्ये कोठून आणायची? आक्षेप खरा आहे, आणि भुकेल्या घराला त्यागाचे धडे देऊ नयेत असे माझेही मत आहे. परंतु निवड नसलेल्या माणसाला मूल्य नसते, हे मात्र खरे नाही. आपल्या संतांकडे पाहा. गोरोबा कुंभार राहिले, सावता माळी मळ्यात राहिले, कबीर मागावर बसले. कोणी धंदा सोडून आले नाही. आमचे बऱ्हाणपूर तर विणकरांचे शहर. आजही तेथे पॉवरलूमचा खडखडाट चालतो. रोजंदारीने लूम चालवणाऱ्यालाही दोष असलेले कापड तसेच पुढे ढकलायचे की मशीन थांबवायचे, हे ठरवावेच लागते. पटवारी होणे हा अनेकांसाठी केवळ नशिबाचा भाग असेल. पण त्याच खुर्चीवर बसून म्हातारीला सातव्यांदा हेलपाटा घालायला लावायचा की नाही, ही निवड रोज सकाळी नव्याने करावी लागते. व्यवसायाची निवड आयुष्यात एकदा होते, व्यवसायातली निवड निवृत्तीपर्यंत चालते.

काही वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलीचा प्रश्न माझ्यापुढे आला. गुण उत्तम, त्यामुळे घरच्यांच्या मते जीवशास्त्र. तिला हवे होते वाणिज्य. कारण तिला सांगता येईना. मी तिला आवड विचारली नाही; न सांगता, कोणी काही न देता तू काय करतेस, असे विचारले. ती आईच्या बचत गटाची वही लिहीत असे. म्हणाली, ‘सर, हिशोबात दहा रुपये जुळले नाहीत तर मला झोप येत नाही. त्या बायांचे पैसे आहेत ना!’ वर्गातल्या कागदावर तिने ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द लिहिला असता तर त्याचे मोल मला कळले नसते. झोप गेली, तेथे ते कळले. मी वडिलांना बोलावून एवढेच म्हटले की, मुलीला तिचे म्हणणे पुरते मांडू द्या आणि त्यातून घरावर काय खर्च पडेल तेही तिच्यासमोरच बोला. वाणिज्य घेतल्याने तिचे कल्याण होईलच, असे वचन मी दिले नाही. ते कोणालाच देता येत नाही.

पालकांना माझे सांगणे म्हणून थोडकेच आहे. मुलाला स्कोप जरूर सांगा. पण त्याआधी त्याची झोप कशाने उडते, राग कशाचा येतो, आणि कितीही पैसे मिळाले तरी कोणते काम तो करणार नाही, हे जाणून घ्या. ही उत्तरे पंधराव्या वर्षी अर्धवट असतील, तिसाव्या वर्षी बदलतीलही. आणि आपलाही क्रम त्याला मोकळेपणाने सांगा : आम्हाला निश्चिती हवी आहे, कारण आम्ही बागा आडव्या झालेल्या पाहिल्या आहेत. बापाची भीती आणि मुलाची ओढ एकदा समोरासमोर बसली की पुष्कळ घरांतून तिसरा मार्ग निघतो. तो निघाला नाही, तरी निदान किंमत कोण भरतो आहे, हे तरी सर्वांना ठाऊक असते.