हेतूचा न्याय

तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशास लोक दक्षिणकाशी म्हणतात. मृतांचे विधि करण्यास दूरदूरचीं कुटुंबें तेथें येतात. मागें तेथील घाटावर बसलों असतां शेजारच्या मंडळींचें बोलणें कानीं पडलें. नात्यांतील एका तरुणानें जीव देण्याचा यत्न केला होता. तो वांचला होता. "त्याला खरोखर मरावयाचें होतें, कीं घरच्यांना नुसता धाक घालावयाचा होता?" असें एक वृद्ध गृहस्थ विचारीत होते. धाकच होता असें ठरलें, कीं त्या मुलाचें दुःखही खोटें ठरणार होतें!

आमचा कायदाही दीर्घकाळ असाच हेतु शोधीत बसला. १८६० च्या दंडसंहितेचें ३०९ वें कलम आत्महत्येच्या यत्नास एक वर्षापर्यंत कैद सांगे. म्हणून आप्तमंडळी 'अपघात' म्हणून सांगत, आणि जें ऐकून घ्यावयास हवें तेंच दडपलें जाई. एका मनोरुग्ण पोलीस शिपायाच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें १९८६ सालीं तें कलम रद्द ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं तें पुन्हां वैध मानलें. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरलें. २०२४ पासूनच्या न्यायसंहितेंत, लोकसेवकावर दडपण आणण्याचा प्रकार वगळतां, तो गुन्हाच उरला नाहीं.

पण मन एकमुखी नसतें. मरावें आणि कोणी वांचवावें, या दोन्ही इच्छा एकाच घटकेस नांदतात. कित्येक जण मरणाची इच्छा नसतांही, असह्य भावना क्षणभर ओसरावी म्हणून स्वतःला इजा करून घेतात. त्यांनाही पुढें धोका अधिक असतो. इजा किरकोळ म्हणून हेतु किरकोळ, हें गणित चुकीचें आहे. पूर्वीं केलेला यत्न ही सर्वांत मोठी धोक्याची खूण; त्याशिवाय निराशा, मद्य, एकाकीपणा, दीर्घ आजार. कर्ज वा नापासी हें एकच कारण सांगून आपण मोकळे होतों; पण कर्ज पुष्कळांना असतें.

"आप्पा, तुम्ही त्यालाच विचारलेंत का?" मीं न राहवून म्हटलें.

"असें कसें विचारणार? नको तें त्याच्या डोक्यांत भरायचें!"

विचारल्यानें तो विचार मनांत रुजत नाहीं, उलट बोलावयास वाट मिळते, हें मीं सांगितलें. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांकही लिहून दिला. चिठ्ठी त्यांनीं पुष्कळ वेळ हातांत धरली. मग शहाद्याची बस किती वाजतां आहे, एवढेंच विचारलें.