अंगणातील हरळी

संतसज्जनहो, आज निरूपणास कोणता अभंग घेतला आहे हे पाहण्यासाठी पुढच्या ओळी चाळू नका. आज अभंग नाही. आज आपल्या पायाखालचे एक गवत घेतले आहे. देवघरात त्याचे नाव दूर्वा, शिवारात हरळी. कोठे हराळी म्हणतात, कोठे हरियाळी. भाद्रपदात जो गृहस्थ एकवीस दूर्वांच्या जुडीसाठी परसभर वाकून फिरतो, तोच चैत्रात तिच्या नावाने बोटे मोडीत वावर नांगरतो. एकाच वनस्पतीला इतका मान आणि इतक्या शिव्या! आपल्या पांडुरंगाला तुळस प्रिय, म्हणून वारकऱ्याच्या दारी तुळस असतेच. तिचे कौतुक पुष्कळ झाले आहे. हरळी मात्र न लावता येते आणि न विचारता राहते. ती मी मुद्दाम लावली, आणि त्यापायी सख्ख्या भावाला गमावून बसण्याची वेळ आणली. ती हकीकत सांगावयाची आहे.

लहानपणी पाठशाळेत अमरकोश पाठ करताना वनौषधिवर्ग आला, तेव्हा दूर्वेची नावे घोकली होती. शतपर्विका, सहस्रवीर्या, भार्गवी, रुहा, अनंता. तेव्हा ती नुसती घोकंपट्टी. पुढे एकदा गुरुजींनी विहिरीच्या काठावरून एक लांबलचक कांडी ओढून हातात दिली आणि म्हणाले, "मोज रे, किती पेरे आहेत?" मी वीसपर्यंत मोजून थांबलो. प्रत्येक पेराला खाली मुळांचा झुपका आणि वर पानांचा तुरा. "आता कळलं शतपर्विका का ते?" एवढेच बोलून ते स्नानाला गेले. यजुर्वेदात दूर्वेला उद्देशून मंत्र आहे. ती कांड्यातून कांडे, पेरातून पेर अशी वाढत जाते, तसा आमचाही विस्तार व्हावा, असे त्यात मागणे आहे. ऋषींनी ते मागणे मागण्यापूर्वी गवताकडे किती जवळून पाहिले असेल! पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन असे नाव दिले. सायनोडॉन म्हणजे ग्रीक भाषेत कुत्र्याचा दात. जमिनीखालच्या कोंबावर टणक, टोकदार खवले असतात, त्यावरून ते पडले. डॅक्टिलॉन म्हणजे बोट. तुऱ्याच्या काड्या हाताच्या बोटांसारख्या पसरतात म्हणून. आपल्याकडे सहस्रवीर्या, तिकडे कुत्र्याचा दात. ज्याची त्याची दृष्टी.

हिचे चालणे दोन मार्गांनी होते. एक मार्ग जमिनीवरून. कांडी सरपटत पुढे जाते, पेर जमिनीला टेकले की मूळ सोडते. दुसरा मार्ग जमिनीखालून. पांढरी, जाड, टोकदार कांडी मातीतून वाट काढते. शेतकरी त्यांना काशा म्हणतात. उन्हाने वरचे पान करपले, गुरांनी खाल्ले, माणसांनी तुडविले, तरी खाली काशा जिवंत असतात. शिवाय गवताचे पान शेंड्याकडून वाढत नाही, बुडाकडून वाढते; म्हणून शेंडा तुटला तरी वाढ थांबत नाही. दुष्काळात ती मेल्यासारखी पिवळी पडते आणि मृगाचे दोन पाऊस झाले की आठवड्यात हिरवी होते. पुराने झाडे गेली तरी लव्हाळे राहतात, हा तुकोबारायांचा दृष्टांत आपण सारे जाणतो. हरळीही त्याच कुळाची वाटते. शास्त्राच्या हिशेबाने दोघांची कुळे वेगळी आहेत, पण नम्रपणाच्या हिशेबाने एकच.

असो. आमचे गाव माढा तालुक्यात. घरापुढचे अंगण मोठे, आणि ते ओढ्याकडे उतरते. मराठवाड्याकडून येणारी एक दिंडी दर आषाढात एक रात्र आमच्याकडे मुक्कामाला असते, शंभर-दीडशे माणूस. पाऊस झाला की अंगणाची माती ओढ्यात जाई आणि उरलेला चिखल वारकऱ्यांच्या पथाऱ्यांखाली येई. म्हाताऱ्या माउल्या ओल्या गोणपाटावर रात्र काढीत, आणि सकाळी आम्हालाच आशीर्वाद देऊन जात. मला ते सहन होईना. गावातले जाणते म्हणाले, सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी करा. पण उन्हात ती तापते आणि पाणी जिरू देत नाही. मग मनात आले, बंधाऱ्याच्या उतारावर माती कोण धरून ठेवते? हरळीच ना!

२०१७ साली आषाढी करून आलो आणि श्रावणात कामाला लागलो. लोणी काळभोरहून यवतला जाताना उरुळी कांचन लागते. त्या बाजूच्या रोपवाटिकांत आता गवताचे गालिचे गुंडाळून विकावयास ठेवतात. आणून पसरले की बाग तयार. मी ते आणले नाहीत. आपल्याच बांधावर फुकट असताना विकत कशाला? आधी अंगण खणून खडे वेचले, ढेकळे फोडली, चांगले कुजलेले शेणखत चाळून मिसळले, आणि उतार राखून सपाट केले. बांधावरच्या कांड्या उपटून प्रत्येकी तीन-चार पेरांचे तुकडे केले. चार चार बोटांवर ओळी धरून ते तिरपे लावले. दोन पेरे मातीत, एक वर. वरून पायाने हलके दाबले. मूळ धरीपर्यंत माती सुकू द्यावयाची नाही, एवढे एकच पथ्य. पंधरा दिवसांत कोंब दिसले. मग विळ्याने शेंडे कापू लागलो. उंची छाटली की ती आडवी पसरते, हे ध्यानात ठेवावे. न कापणारा माणूस गवत वाढवितो, कापणारा गालिचा करतो. दिवाळीपर्यंत अंगण भरले. फक्त लिंबाच्या झाडाखालची जागा तेवढी टकली राहिली. हरळीला सगळे सोसते, सावली सोसत नाही. तिथे मी तीन वेळा लावली आणि तीन वेळा हरलो.

२०१८ आणि २०१९ या दोन वर्षी दिंडी त्या गवतावर झोपली. चिखल नाही, ओल वर येत नाही. पहाटे दिंडी निघाली की गवत सपाट झालेले असे, आणि आम्ही द्वादशीला पारणे सोडीपर्यंत पुन्हा उभे राहिलेले. मी ते सगळ्यांना दाखवीत असे. दाखवीत असे, हा शब्द मुद्दाम लिहिला आहे.

पुढे २०२० आले. पालख्या एसटीने पंढरीस गेल्या. २०२१ सालीही तेच. आमच्या अंगणात पाऊल पडले नाही. मी घरात बसून राहिलो; खरे सांगतो, विळा हातात घ्यावासा वाटला नाही. कोणासाठी कापायचे? गवत गुडघ्याला लागले, आतून काडीकाडी झाले. आणि त्याच दोन पावसाळ्यांत ते कुंपणाखालून पलीकडे गेले.

पलीकडचे वावर माझ्या धाकट्या भावाचे. तिथे तो दरवर्षी कांदा घेतो. २०२० च्या मार्गशीर्षात, हरळीचे ठिगळ दिसले म्हणून, पुतण्याने रोटाव्हेटर फिरविला. पोराचा हेतू चांगला होता. पण रोटाव्हेटर काशांचे तुकडे करतो, आणि ज्या तुकड्याला एक डोळा असेल तो तुकडा नवे झाड होतो. एका ठिगळाची शंभर ठिगळे झाली आणि वावरभर पेरली गेली. उन्हे तापली तशी ती उसळली. हरळीला ऊन मानवते, कांद्याला तिची संगत मानवत नाही. त्याचे मूळ आखूड, पात बारीक. त्याला झगडता येत नाही. भावजय खुरपून खुरपून दमली. कांदा निघाला तो लिंबाएवढा.

भाऊ मला एक शब्द बोलला नाही. आमच्यात थोरल्याला बोलण्याची रीत नाही.

त्या वर्षी कार्तिकी एकादशीला गावात माझे कीर्तन होते. मी दृष्टांत कोणता घ्यावा? दूर्वेचाच! ती कशी लीन, कशी सर्वांच्या पायाखाली, तुडविणाऱ्यालाही कशी गारवा देते. श्रोते माना डोलावीत होते. पखवाजावर मात्र दुसऱ्या गावचा मुलगा होता. चाळीस वर्षे माझ्या कीर्तनाला पखवाज धाकट्याचा असतो. मी समजलो, बरे नसेल. कीर्तन संपल्यावर बायका दर्शनाला आल्या. भावजयीने पदर सावरून नमस्कार केला आणि खाली बघतच म्हणाली, "दादा, कीर्तन लई ग्वाड झालं. पर त्या दूर्वानं आमचा कांदा खाल्ला, ते बी सांगायचं हुतं."

वीणा अजून माझ्या गळ्यात होती. त्या रात्री जेवण गेले नाही.

सज्जनहो, मी विचार केला तो असा. हरळी लीन आहे हे खरे. पण लीन असणाराही दुसऱ्याचे खातो. किंबहुना लीन असतो म्हणूनच त्याचे अतिक्रमण लवकर दिसत नाही. वडाचे झाड कुंपण ओलांडू लागले तर गाव बघते. हरळी जमिनीखालून जाते. मी दिंडीची सेवा करीत होतो, आणि त्या सेवेची मुळे भावाच्या पोटात शिरली होती. त्याच्यापुढे मी लीनतेवर कीर्तन करीत होतो. नव्हे, त्याच्यामागे, तो आला कुठे होता!

आमच्याच तालुक्यातले अरण. सावतोबांनी तिथे शके १२१७ मध्ये, म्हणजे १२९५ साली देह ठेवला. त्यांना पांडुरंग मळ्यात भेटला, हे चरित्र आपण इतके ऐकतो की मळा म्हणजे नुसती हिरवी शोभा वाटू लागते. पण माळ्याच्या हातात दिवसभर काय असते? खुरपे. हरळी, लव्हाळा, कुंदा काढल्याशिवाय भाजी येत नाही. सर्वांभूती देव पाहणारा तो महात्मा वाफ्यातली हरळी काढताना काय म्हणत असेल, हे मी कितीदा मनात घोळविले. तिला शिवी देत नसेल, एवढे मला वाटते. आणि वाफ्यात ठेवीतही नसेल. वाफा कांद्याचा, बांध हरळीचा. दोघांच्याही जागा ठरलेल्या.

दुसऱ्या दिवशी भावाकडे गेलो. "कांद्याचे नुकसान मी भरून देतो," म्हणालो. तो म्हणाला, "पैशानं काशा निघत्यात व्हय?" खरेच होते. मग मी विचारले, "कशाने निघतात?" तो पहिल्यांदा माझ्याकडे वर बघून बोलला, "उन्हानं. आन् हातानं."

२०२२ च्या फाल्गुनात त्याने वावर खोल नांगरले. ढेकळे दीड-दोन महिने तापू दिली. वैशाखात कुळव फिरविला की काशा वर येत. त्या वेचावयाच्या, बांधावर ढीग घालावयाचा, पुरत्या वाळल्या की पेटवावयाच्या. हिरव्या ढिगाला विश्वास नाही. एक वळीव पडला की ढीगच फुटतो. मी रोज सकाळी सात ते दहा वेचावयास जात असे. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाची कंबर काय म्हणते ते विचारू नका. गावकरी विचारीत, "महाराज, यंदा काशीयात्रा करायची म्हणत होता ना?" मी म्हणे, "तीच चालली आहे, एकेक काशी वेचतो आहे." भाऊ हसत नसे, पण पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला सरकवून ठेवी. एका उन्हाळ्यात काम भागले नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. तणनाशक मारले असते तर लवकर झाले असते, असे पुतण्या अजून म्हणतो. म्हणो बापडा. पण मला ते लवकर व्हावे असे वाटत नव्हते.

अंगणातली हरळी मी काढली नाही. कुंपणाच्या आत हातभर खोल चर खणला आणि तो मोकळाच ठेवला. कांडी चराच्या काठावर येते, खाली लोंबते, आणि तिथे दिसते. काशी चराच्या भिंतीतून डोके काढते, तीही दिसते. दर सोमवारी विळा घेऊन चराच्या काठाने एक फेरी. एक सोमवार चुकला तर चालते, महिना चुकला तर चालत नाही. ज्या कोणा माउलीला अंगणात, मठात, समाधीच्या आवारात ही लावावयाची असेल तिने आधी चर खणावा, मग कांडी लावावी. मी उलट केले.

२०२२ साली दिंडी पुन्हा पायी आली. गुडघाभर वाढलेले गवत मी तीन वेळा कापून बसविले होते, तरी मधे मधे काड्याच होत्या. त्या टोचल्याची तक्रार एका म्हाताऱ्या माउलीने हक्काने केली, आणि मला फार बरे वाटले. भाऊ त्या रात्री आला नाही. पुढच्या वर्षी पंगतीला वाढावयास आला, पखवाजाला नाही.

गेल्या आषाढात दिंडी उतरली. टाळ काढले, जागा धरल्या, आणि पाहतो तो धाकटा पखवाजाला कणीक लावीत बसलेला. मी काही बोललो नाही. हरिपाठ झाला, माणसे गवतावर आडवी झाली. आम्ही दोघे चराच्या काठाने कंदील घेऊन फिरलो. पावसात कुणाचा पाय त्यात जाऊ नये म्हणून फळ्या टाकावयाच्या होत्या. तो मधेच वाकला. एक कांडी चर ओलांडून पलीकडच्या काठाला टेकली होती. अजून मूळ धरले नव्हते.

"दादा, तुझा पावणा आलाय बघ," तो म्हणाला, आणि खुरपे माझ्या हातात दिले.