‘फक्त पाचच?’ (गीता ६.१६–१७)



आधी एका शब्दाचा गोंधळ मिटवू. सतराव्या श्लोकात ‘चेष्टा’ येते. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, पण संस्कृतात हालचाल, प्रयत्न. आहार, विहार, कर्मातली चेष्टा, झोप, जागणं, या सगळ्यांना भगवंत एकच विशेषण लावतात: युक्त. म्हणजे त्या वेळी त्या देहाला झेपेल इतकं. सोळाव्या श्लोकातला इशाराही दोन्ही बाजूंना आहे. खादाडाला योग साधत नाही, तसाच उपाशी राहणाऱ्यालाही नाही.

हे वाचताना मला माझे गुडघेच आठवतात, इलाज नाही. दीड वर्षात १६ किलो वजन उतरवलं, फिजिओथेरपी केली. आता डॉक्टरांनी ५ किलोमीटरची परवानगी दिलीय, तीही दिवसाआड. येत्या रविवारी शिरूरला धावतोय. ऑफिसच्या ग्रुपवर लगेच प्रश्न आला, “फक्त पाचच? हाफ मॅरेथॉन कधी?”

तो ‘फक्त’ टोचला, कारण मोहही तिथेच आहे. गुडघेदुखीच्या वयस्कर, वजनदार रुग्णांवर २००५ साली एक अभ्यास झाला. वजन एक किलोने घटलं, की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, असं त्यात दिसलं. त्यामुळे पाय एकदम हलके वाटतात. पण झिजलेली कूर्चा वजन उतरलं म्हणून परत येत नाही, आणि सांध्याभोवतीच्या स्नायूंना बळ यायला महिने लागतात. हुरूप पुढे, गुडघा मागे.

ज्ञानोबाराय या श्लोकांवर बोलताना पावलांनाही माप लावतात. बोलणं मोजकं, चालणं मोजकं, आणि झोपेलासुद्धा तिचा मान वेळेवर द्यायचा. (रात्री दोनला रिलीज करणाऱ्यांनी हे जरा दोनदा वाचा!)

आमच्या दौंड तालुक्यातून तुकोबारायांची पालखी जाते. यवत, वरवंड, पाटस आणि मग रोटी घाट. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. माउलींच्या पालखीत वेळापूरला ‘धावा’ होतो. तिथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. वारकरी आळंदीपासून इतके दिवस चालत येतो आणि धावतो तो त्या एवढ्याशा उतारावर. त्याला कोणी विचारतं का, “फक्त एवढंच?”

सतराव्या अध्यायात भगवंत आणखी कडक बोलतात. दंभाने, अहंकाराने देहाला छळणारे लोक देहात राहणाऱ्या मलाच छळतात, असं ते म्हणतात. माझ्या मते मेडलसाठी पेनकिलर घेऊन धावणं यातच बसतं. कोणाला हे जास्त वाटेल, वाटू दे.

पण आळसालाही इथे सवलत नाही. डॉक्टरांनी पाच सांगितलेत आणि मी दोनवर घरी आलो, तर तेही अयुक्तच.

वेग कसा ठरवायचा? मी घड्याळ बघत नाही. धावताना मनात नव्हे, ओठांनी नाम घेतो. श्वास तुटून ‘विठ्ठल’ पूर्ण म्हणता येईना, की चालायला लागायचं. पुन्हा नीट म्हणता आलं, की धावायचं. शिरूरला कोणी येत असाल तर मी मागच्या घोळक्यात सापडेन.

उद्या श्लोक १८. रामकृष्ण हरी!