टाकून देण्याचं वय

छप्पन्नाव्या वर्षी कुणी म्हणालं, नोकरी सोडतो आणि कादंबरी लिहायला बसतो, तर ऐकणारा आधी पेन्शनचं विचारतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. १८७६ मध्ये बर्लिनच्या कला अकादमीचं सचिवपद जर्मन लेखक थिओडोर फोंटाने यांनी काही महिन्यांतच सोडलं, तेव्हा त्यांची पत्नी एमिलीही चिडली ती याच हिशेबाने. कायमची जागा, बांधलेला पगार, आणि तो सोडून हातात काय, तर अर्धवट हस्तलिखित! १८७८ मध्ये पहिली कादंबरी आली तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. पण ही उडी वाटते तितकी आंधळी नव्हती. एका दैनिकासाठी ते नाट्यपरीक्षणं लिहीत होते आणि ते काम त्यांनी १८८९ पर्यंत सोडलं नाही. म्हणजे चूल पेटती ठेवण्याचा प्रश्न कादंबरीकाराने ओलांडायचा नसतो, सोडवायचा असतो.

यावर पूर्वपक्ष असा: उशिरा लिहिणाऱ्याकडे अनुभवाची शिदोरी असते, त्याला अडचण फक्त वेळेची. मला हे उलटं वाटतं. अडचण शिदोरीचीच आहे. फोंटाने यांनी औषधांच्या दुकानात काम केलं, लंडनहून वार्तापत्रं पाठवली, ब्रांडेनबुर्ग प्रांत पायाखाली घालून त्यावर प्रवासवर्णनं लिहिली. हे सगळं पहिल्या कादंबरीत मावेना, म्हणून ती चार खंडांची झाली. पाहिलेलं वाया जाऊ नये, ही नोकरदाराची काटकसर. कादंबरीत ती घातक ठरते, कारण तिथे माहिती खरी असूनही फुकट जाते.

आता १८९५ ची ‘एफी ब्रीस्ट’ पाहा. लेखक पंचाहत्तरीचा. विवाहित एफीचं मेजर क्रांपासशी जुळलेलं प्रकरण त्यांनी जवळजवळ दाखवलंच नाही. वाचकाच्या हाती येतात ती सहा वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर सापडलेली पत्रं. एफीच्या मुलीच्या कपाळाला खोक पडते, पट्टीसाठी शिवणाचं टेबल उचकटलं जातं आणि लाल धाग्यात बांधलेला गठ्ठा बाहेर येतो. पुढे नवऱ्याचं द्वंद्वयुद्ध, घटस्फोट, सगळं त्या गठ्ठ्यातून. भानगडीच्या वर्णनाला चार प्रकरणं देणं त्यांना जड नव्हतं. ती गाळण्याचं धाडस पहिल्या कादंबरीत दिसत नाही. ते सतरा वर्षांच्या कादंबरीलेखनातून आलं.

इथे शंकेखोर पकडतो: मग फोंटाने उशिरा कुठे आले? ते तर आयुष्यभर लिहीतच होते! आक्षेप बिनतोड आहे आणि तो मान्य करावा लागतो. साठीपर्यंत हिशेबाच्या वह्यांपलीकडे काही न लिहिलेल्याला हे उदाहरण जसंच्या तसं लागू नाही. त्याला वाक्यही शिकायचं आहे. पण म्हणून त्याने अनुभवावर भिस्त ठेवावी असं होत नाही, उलट जास्तच सावध राहावं. वाक्याची सवय असूनही फोंटाने यांना चार खंड खर्ची घालावे लागले. निवृत्तीनंतर लिहीन म्हणणाऱ्याला मी वेळ किती आहे हे विचारणार नाही. तीस वर्षांच्या नोकरीतलं नेमकं काय कादंबरीबाहेर ठेवणार, हे विचारेन. बहुतेकांना हा प्रश्न अपमानकारक वाटतो.