पंक्तिभेद

करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं बंद झाली, ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा दारं लागली ती ७ ऑक्टोबरच्या घटस्थापनेपर्यंत. त्या काळात साताऱ्या-सांगलीच्या ख्रिस्ती मंडळ्यांपुढे एक पेच होता. पाळकानं मोबाइलवरून प्रार्थना करायची आणि घरोघरी आपापली भाकर, आपापला द्राक्षरस घ्यायचा, याला प्रभुभोजन म्हणायचं का? त्यावरचा हा संवाद मी रचला आहे. साताऱ्याचे एक पाळक आणि मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर फोनवर बोलताहेत. दिवस गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारचा, ९ एप्रिल २०२०. लिहिताना माझा कल सिस्टरांकडे गेला, हे आधीच सांगतो.

सिस्टर : सलाम, पाळकसाहेब. आज मोबाइलवर प्रभुभोजन आहे म्हणे?

पाळक : सलाम, सिस्टर. अजून ठरत नाही. तरुण संघ म्हणतो, घ्या. मलाही वाटतं, देवाची कृपा अंतरामुळं अडत नाही. प्रेषित पौलानं तुरुंगातून पत्रं धाडली, त्यावर मंडळ्या तगल्या. आपल्याकडे १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघतोय. गावोगावी विखुरलेल्या ख्रिस्ती घरांना त्या कागदानंच बांधून ठेवलं ना?

सिस्टर : पत्र एकाच्या हाती यायचं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं जायचं. अक्षरओळख नसलेल्यालाही ते मिळायचं. तुमच्या मंडळीत अजून साधाच फोन असलेली घरं किती?

पाळक : पुष्कळ. वस्त्यांवरची म्हातारी माणसं, रोजंदारीवाले. काहींकडे मोबाइल आहे, पण रिचार्जला पैसे नाहीत.

सिस्टर : मग करिंथकरांना पौल का रागावला ते आठवा. काहीजण आधीच पोटभर जेवत होते, गरीब उपाशी राहत होते. एकमेकांची वाट पाहायला सांगितलं त्यानं. आपल्यातल्या कितीजणांच्या आजा-पणजांना गावच्या पंगतीत जागा नव्हती. त्यांना लांबून वाढायचे. प्रभूच्या मेजावर पहिल्यांदा सगळ्यांच्या बरोबरीनं भाकर मिळाली. त्याच मेजावर आता आपण पंक्तिभेद करायचा?

पाळक : म्हणजे कोणीच घ्यायचं नाही?

सिस्टर : सगळ्यांनी मिळून उपास धरायचा.

पाळक : धडधाकट माणसाला थांबणं सोपं असतं, सिस्टर. इस्लामपुरात साथ कशी पसरली ते तुम्ही जवळून पाहताय. उद्या माझ्या मंडळीतली एखादी आजी ऑक्सिजनवर गेली, तर तिनं कुठवर थांबायचं? मोबाइल समोर धरला तर तेवढं तरी तिला मिळेल.

सिस्टर : तिला द्या. मरणाऱ्यापुढं मी नियम काढणार नाही. वानलेसवाडीच्या आरोग्यधामातल्या क्षयरोग्यांना महिनोन् महिने चर्चला येता यायचं नाही, म्हणून चर्चनं त्यांच्याकडे जायचं. दुसऱ्या शतकात हुतात्मा जस्टिननं लिहून ठेवलंय, सेवक गैरहजरांकडे भाकर घेऊन जात. ज्याला येता येत नाही त्याच्यासाठी बाकीच्यांनी चालायचं, ही रीत इतकी जुनी आहे.

पाळक : पण आज मी चाललो तर रोग घेऊन जाईन. गेल्या ऑगस्टात कृष्णेचा पूर आला, तेव्हा घरं बुडालेली माणसं एका छपराखाली आली, एका पातेल्यातलं जेवली. त्या संकटानं जवळ आणलं. या संकटात जवळ जाण्याचीच भीती. आणि मोबाइलनं माणसं वगळली म्हणता, तशी जोडलीही आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये इथं साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. मंडळीची हद्द आपल्या भिंतींपाशी संपत नाही, हे या साताऱ्याला ठाऊक आहे. माझ्याकडे अंथरुणाला खिळलेले एक गृहस्थ आहेत. कित्येक वर्षांनी ते मोबाइलवरून उपासनेत गायले. त्यांच्याकडून ते काढून घेऊ?

सिस्टर : इतकी वर्षं ते नव्हते, तेव्हा आपल्याला पंगत पुरी वाटत होती?

पाळक : वाटत होती.

सिस्टर : मग दारं उघडल्यावरही त्यांचा मोबाइल चालू ठेवा. साथ आपल्यासाठी संपेल, त्यांचं अंथरूण तसंच राहील. शब्द मोबाइलवरून खुशाल जाऊ दे, गाणंही जाऊ दे. भाकर मात्र तुम्ही मोडायची आणि आम्ही तुमच्या हातून घ्यायची. ती मी माझ्या फडताळातून काढून खाल्ली, तर कोणी मला दिली असं होत नाही.

पाळक : सगळ्यांना हे पटणार नाही. आज मोबाइलवर प्रभुभोजन घेणारे पाळक माझ्यापेक्षा कमी श्रद्धेचे नाहीत.

सिस्टर : नाहीतच. त्यांना दोष देऊ नका. तुम्ही तुमच्या माणसांकडं बघून ठरवा.

पाळक : संध्याकाळी उपासना घेतो. योहानाचा तेरावा अध्याय, पाय धुण्याचा. प्रभुभोजन थांबवतो, कोणी मरणाच्या दारात असेल तर त्या घरापुरतं बघू. पण साधे फोनवाले उरतातच.

सिस्टर : त्यांतली दहा घरं मला द्या. मी एकेकाला फोन करून अध्याय वाचून दाखवते.

पाळक : लिहून घ्या. पहिलं घर कोरेगावचं. आजोबांना कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं वाचा.