कारण नसलेलं मरण

विठ्ठलावर माझा विश्वास आहे, असं मी अजूनही म्हणतो. ते कितपत खरं आहे, हे आज स्वतःशीच तपासून पाहायचं आहे.

आमचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी रात्री झोपला तो उठलाच नाही. आजार नव्हता, व्यसन नव्हतं. शवविच्छेदनातही कारण सापडलं नाही.

भेटायला आलेल्यांनी मात्र कारणं आणली. त्याचं आयुष्यच तेवढं होतं. चांगली माणसं देवाला आधी लागतात. मागच्या जन्मीचं काही देणं असेल. बोलणारे सगळे मायेनेच बोलत होते आणि त्यांच्यावर माझा राग नाही. पण ते मागच्या जन्मीचं देणं मी मानणार नाही, आणि तेही केवळ तो माझा मुलगा होता म्हणून नव्हे.

त्याचं कारण मला संत चोखामेळ्यांच्या, म्हणजे चोखोबांच्या गोष्टीत दिसतं. पंढरपुरात महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं असताना ते कोसळलं आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गेले. परंपरा साल देते शके १२६०, म्हणजे १३३८. संत नामदेव तिथे गेले. ज्या अस्थींमधून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या, अशी ओळख पटवून त्यांनी त्या पंढरपूरला आणल्या, असं कथा सांगते. गावकूस का पडलं, हे मात्र ती सांगत नाही. कुणा संताने ते चोखोबांच्या पदरी बांधल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. पूर्वकर्माचा दाखला त्यांना जिवंतपणी पुरेसा मिळाला होता. त्याच दाखल्यावर, अस्पृश्य ठरवून त्यांना विठ्ठलाच्या देवळाबाहेर ठेवलं गेलं आणि साने गुरुजी १९४७ साली उपोषणाला बसेपर्यंत ते दार त्यांच्या लोकांना उघडलं नाही. ज्या तर्काने चोखोबांना दाराबाहेर उभं केलं, तो मी माझ्या लेकरावर कसा लावू?

चोखोबांचा मुलगा कर्ममेळा तर देवाला सरळ जाब विचारतो. आम्हाला असा जन्म का दिलास, हे त्याचं भांडण वारकऱ्यांनी गाथेतून काढून टाकलं नाही. मला आधार मिळतो तो इथे. देवाने केलं ते बरंच केलं, असं म्हणायची सक्ती माझ्यावर नाही. बरं झालं नाही. हे त्याच्यासमोर उभं राहून म्हणता येतं आणि म्हटल्यावरही त्याच्याशीच बोलावंसं वाटतं, यालाच मी विश्वास म्हणत आलो आहे.

पण मन एवढ्यावर सोडत नाही. धाकटी मुलगी बाहेर निघाली की माझे हात आपोआप जोडले जातात. तो विश्वास असतो की भीती? हिला तरी ठेव, मी माळ काढणार नाही, असा सौदा त्यात असतो का? असतो. रोज नाही, पण असतो. तो नाकारून विठ्ठलासमोर उभं राहण्यात काय अर्थ आहे?

बायकोने हरिपाठ सोडला आहे. मी म्हणतो तेव्हा ती आत निघून जाते. तिची श्रद्धा आटली आणि माझी टिकली, असं मी समजत नाही. तिने निदान सौदा तरी केला नाही. आता हरिपाठ म्हणताना मी मुलीसाठी काही मागत नाही. मागणं ओठांवर येतं तेव्हा थांबतो, ते गिळतो आणि पुढचा अभंग घेतो. कधी जमतं, कधी अभंग संपण्याआधीच ते पुन्हा वर येतं.